रझियाचा दिल्लीच्या गादीवरचा हक्क: वडिलांचा शब्द, दिल्लीचा कौल आणि तुर्क अमिरांची अट

प्रश्न दोन भागांत आहे. तेराव्या शतकातला दिल्लीचा सुलतान इल्तुतमिशनं आपल्या मुलांना डावलून रझियाला वारस नेमलं होतं, तर त्याच्या मृत्यूनंतर आधी रुक्नुद्दीन फिरोज गादीवर कसा आला? आणि पुढं रझियाचं राज्य याकूत या हबशी सरदारावरच्या मर्जीमुळं गेलं, असं सर्रास सांगितलं जातं, ते खरं का?

आधी थोडक्यात. नेमणुकीचा हुकूम लिहायला सांगितला गेला होता, पण वारसाला पक्कं करणाऱ्या पुढच्या पायऱ्या झाल्याचं कुठंही दिसत नाही. रझियाला गादी मिळाली ती दिल्लीच्या लोकांच्या उठावामुळं आणि राजधानीतल्या फौजेच्या पाठिंब्यानं. ती गेली, तेव्हा हीच फौज तिला घेऊन दिल्लीबाहेर पडली होती. याकूत हे निमित्त होतं. कारण शोधायचं तर तुर्क गुलाम-अमिरांच्या गोटात शोधावं लागतं.

सविस्तर उत्तरात शिरण्यापूर्वी साधनांचं वय पाहणं गरजेचं आहे, कारण या विषयातला निम्मा घोळ तिथंच होतो. समकालीन म्हणावा असा लेखक एकच, काजी मिन्हाज-उस-सिराज. त्याचा 'तबकात-ए-नासिरी' हा ग्रंथ १२६० च्या सुमारास पुरा झाला, म्हणजे रझियाच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. तो तिला ओळखत होता. ग्वाल्हेरचं ठाणं उठलं तेव्हा तो १२३८ मध्ये दिल्लीला आला आणि रझियानं त्याला नासिरिया मदरशाचा कारभार दिला. म्हणजे तिच्याबद्दल कृतज्ञता असायला त्याला जागा होती. पण लिहिताना गादीवर तिचा भाऊ म्हणवणारा नासिरुद्दीन महमूद होता, आणि खरी सत्ता होती बल्बनच्या हाती, म्हणजे ज्या तुर्क अमिरांनी रझियाला खाली खेचलं त्यांच्याच वर्गातल्या माणसाच्या हाती. मिन्हाजची वाक्यं आखूड आणि जपून टाकलेली आहेत ती यामुळं.

दुसरा महत्त्वाचा लेखक इसामी. त्यानं 'फुतूह-उस-सलातीन' हे फारसी इतिहासकाव्य १३५० मध्ये संपवलं, ते आपल्या दौलताबादेच्या परिसरात, बहमनी राज्याच्या संस्थापकाच्या आश्रयानं. महंमद तुघलकानं दिल्लीकरांना दौलताबादेला हलवलं त्या लोंढ्यात तो पोरवयात दख्खनला आला. त्याचा नव्वदीतला आजा वाटेतच गेला. घराण्यातला एक पूर्वज इल्तुतमिशचा वजीर होता असं तो सांगतो, म्हणजे त्याच्याकडं जुन्या दिल्लीच्या घरगुती आठवणी होत्या. पण मध्ये ११० वर्षं गेली होती. इब्न बतूता १३३४ मध्ये दिल्लीत पोचला. त्यानं लिहिलं ते शंभर वर्षांनंतर शहरात जे बोललं जात होतं ते. फरिश्ता तर विजापुरात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. कामाचा नियम एवढाच: मिन्हाजकडं नाही आणि शंभर वर्षांनी पहिल्यांदा दिसतं, ते वेगळ्या कप्प्यात ठेवायचं. फेकून द्यायचं नाही, पण मूळ हकिकतीत मिसळायचंही नाही.

आता नेमणूक. इल्तुतमिशचा थोरला, कर्तबगार मुलगा नासिरुद्दीन महमूद (वर आलेला याच नावाचा सुलतान वेगळा) १२२९ मध्ये लखनौतीला, म्हणजे बंगालमध्ये, वारला. याच वर्षी बगदादच्या खलिफाची मान्यतेची वस्त्रं दिल्लीत आली होती. घराण्याचं नाव कायमचं झालं आणि वारस गेला. १२३२ च्या अखेरीस ग्वाल्हेर पडलं. तिथून परतल्यावर, मिन्हाज सांगतो, सुलतानानं आपला चिटणीस आणि मुश्रिफ-ए-ममालिक (राज्याचा हिशेबनीस) ताजुल्मुल्क याला रझियाच्या नावानं वारसाचा हुकूम लिहायला सांगितला. दरबाऱ्यांनी विचारलं, जाणती मुलं असताना मुलगी का? सुलतानाचं म्हणणं असं की मुलं चैनीत बुडालेली आहेत, राज्य सांभाळण्याचा वकूब एकातही नाही, आणि मी गेल्यावर तुम्हालाच कळेल की हिच्याइतकं लायक कुणी नाही.

बहुतेक जण इथं थांबतात. पण त्याच ग्रंथात, रुक्नुद्दीनच्या प्रकरणात, मिन्हाज दुसरी गोष्ट सांगतो. रुक्नुद्दीनला १२२८ मध्ये बदायूंची जहागीर आणि हिरवं छत्र मिळालं होतं. पुढं त्याला लाहोर दिलं. आणि शेवटच्या मोहिमेवरून आजारी होऊन परतताना सुलतानानं त्याला लाहोरहून सोबत दिल्लीला आणलं, कारण नासिरुद्दीननंतर तोच थोरला आणि लोकांचे डोळे त्याच्यावर होते. ही दोन कथनं एकमेकांना छेद देतात. काही अभ्यासक म्हणतात, नेमणुकीची गोष्ट रझियाच्या कारकिर्दीत तिच्या बाजूनं रचली गेली. मला हे पटत नाही. मिन्हाजनं ज्या राजवटीत लिहिलं, त्या राजवटीला ही गोष्ट सोयीची नव्हती, आणि गैरसोयीची गोष्ट कुणी उगाच जपत नाही. सुलतानाचं मन १२३३ ला मुलीकडं होतं आणि १२३६ ला आजारपणात दरबारापुढं नमलं, किंवा त्यानं शेवटपर्यंत निकाल लावलाच नाही, हे जास्त संभवनीय आहे.

कारण वारस पक्का करायचा, तर नुसता कागद पुरत नसे. हयातीतच मोठ्या अमिरांकडून बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ, घ्यावी लागे. वारसाला छत्र द्यावं लागे, त्याच्या नावे जहागीर आणि स्वतःची फौज करून द्यावी लागे. मग सुलतान वारल्यावर आधी खास बैअत होई, बड्या अमिरांची. नंतर आम बैअत, शहरातल्या काजी-उलेमांची आणि लोकांची. त्यानंतरच्या शुक्रवारी जामा मशिदीत खुत्ब्यात, म्हणजे नमाजाच्या प्रवचनात, नाव, टांकसाळीत नाव, आणि शेवटी सुभ्यांवरच्या इक्तादारांना आपापल्या जहागिरी कायम केल्याचे हुकूम. हा शेवटचा हुकूम म्हणजे खरा सौदा. इक्तादारानं तो स्वीकारला म्हणजे त्यानं नवा सुलतान मानला. या सगळ्यातलं रझियाकडं काय होतं? लिहायला सांगितलेला एक हुकूम. छत्र रुक्नुद्दीनकडं होतं, जहागीरही त्याच्याकडं. वडिलांच्या काळात ती कारभारात वजनदार होती असं मिन्हाज म्हणतो, पण ते वजन महालातलं. फौज नव्हती.

२० शाबान ६३३ हिजरी, म्हणजे एप्रिल १२३६ च्या अखेरीस इल्तुतमिश वारला आणि अमिरांनी रुक्नुद्दीनला बसवलं. कारभार त्याची आई शाह तुर्कान हिच्या हातात गेला. तिनं जनानखान्यातल्या जुन्या सवतींवर सूड उगवला आणि कुतुबुद्दीन नावाच्या एका लहान शहजाद्याचे डोळे काढवून त्याला मारवलं. तिथून चारी बाजूंनी बंडं उठली: अवधला खुद्द धाकटा भाऊ गियासुद्दीन, बदायूंचा सालारी, मुलतानचा कबीर खान, हांसीचा कुची, लाहोरचा जानी. वजीर निजामुल्मुल्क जुनैदीही दिल्लीजवळच्या किलोखडीहून पळून बंडखोरांना मिळाला.

रुक्नुद्दीन फौज घेऊन पंजाबच्या वाटेला लागला. मन्सूरपूर आणि तराईनच्या आसपास त्याच्याच छावणीतल्या तुर्क गुलामांनी ताजिक, म्हणजे तुर्केतर, कारकुनांची कत्तल केली. मेलेल्यांच्या यादीत ताजुल्मुल्कचं नाव आहे. ज्याला वारसाचा हुकूम लिहायला सांगितला होता तो हाच माणूस. रझिया गादीवर येण्याच्या काही दिवस आधी तिच्या हक्काचा पहिल्या दर्जाचा साक्षीदार गेला, आणि तोही रझियाला पुढं ज्यांच्यावर विसंबावं लागणार होतं त्यांच्याच हातून. या कत्तलीकडं रझियाच्या चरित्रात फार कमी लक्ष दिलं जातं. तुर्क गुलामांना इल्तुतमिशच्या दप्तरातली ताजिक माणसं नको होती, आणि पुढं त्यांना हबशीही नको होता. याकूतच्या प्रकरणाची मुळं इथं आहेत.

इकडं दिल्लीत शाह तुर्काननं रझियाला मारण्याचा घाट घातला. शहरातले लोक उठले, महालावर चालून गेले, शाह तुर्कानला पकडलं. रुक्नुद्दीन किलोखडीपर्यंत परत आला, पण मधल्या फौजेनं, म्हणजे कल्बनं, आणि तुर्क अमिरांनी त्याला सोडून शहरात जाऊन रझियाला बैअत दिली. १८ रबी-उल-अव्वल ६३४ ला, म्हणजे १९ नोव्हेंबर १२३६ ला, रुक्नुद्दीन कैद झाला आणि कैदेतच संपला.

या दिवसाची जी दृश्यं आपल्या मनात आहेत, ती मात्र नंतरची. शुक्रवारी मशिदीशेजारच्या वाड्याच्या गच्चीवरून फिर्यादीचे रंगीत कपडे घालून तिनं लोकांकडं न्याय मागितला, हे इब्न बतूताचं. लोकांना आवाहन करताना तिनं म्हटलं की काही काळ मला पारखा, पुरुषांहून सरस ठरले तर ठेवा, नाहीतर मुकुट काढून हव्या त्याला द्या, हे इसामीचं. तपशील खरे असोत-नसोत, दोन्ही कथांत एक गोष्ट सारखी आहे: तिनं दाद अमिरांपुढं मागितली नाही, शहरापुढं मागितली. दिल्ली सल्तनतीच्या त्या शतकात राजधानीच्या सामान्य लोकांनी गादीचा निकाल फिरवल्याचं हे फार ठळक उदाहरण आहे, आणि मिन्हाजचा त्याला दुजोरा आहे. मात्र इसामीच्या गोष्टीत एक अट लपली आहे. परत घेता येण्यासारखी गादी दिली गेली, असं पुढच्या पिढ्यांना आठवत होतं.

सुभ्यांवरच्या इक्तादारांना हा निकाल कुणी विचारला नव्हता. जुनैदी, जानी, कुची, कबीर खान, सालारी अशी सगळी मंडळी फौजांसह दिल्लीच्या वेशीवर आली. रझियानं अवधच्या नुसरतुद्दीनला मदतीला बोलावलं; तो गंगा ओलांडून आला आणि कुचीच्या हाती सापडून कैदेत आजारानं मेला. तेव्हा रझिया स्वतः शहराबाहेर पडली आणि यमुनेकाठी तंबू ठोकला. लढाई जिंकण्याइतकी फौज तिच्याकडं नव्हती, आणि तिनं लढाईवर भरवसा ठेवलाही नाही. सालारी आणि कबीर खान यांना तिनं गुपचूप फोडलं. रात्री शाही तंबूच्या दारात त्यांची बैठक झाली आणि जानी, कुची, जुनैदी यांना कैद करायचं ठरलं. ही बातमी त्या तिघांपर्यंत पोचली तसे ते पळाले. पाठलागात कुची भावासह पकडून मारला गेला, जानीचं डोकं दिल्लीला आलं, आणि जुनैदी सिरमूरच्या डोंगरांत जाऊन मेला. पाच मोठ्या सरदारांची आघाडी तिनं जवळपास बिनलढाईची मोडली. यानंतर लखनौतीपासून सिंधमधल्या देबलपर्यंतच्या सगळ्या मलिकांनी तिचं राज्य मानलं, असं मिन्हाज लिहितो. हक्काचा प्रश्न कायद्याच्या अंगानं विचारायचा झाला, तर तो इथं निकाली निघाला होता: बैअत झाली, खुत्बा झाला, इक्ता कायम झाल्या.

नाण्यांवरून हाच प्रवास दिसतो. सुरुवातीच्या नाण्यांवर वडिलांचं नाव वरच्या किताबासह आहे आणि रझियाचं त्याखालच्या दर्जाच्या किताबासह, सुलतानाची मुलगी म्हणून. नंतरच्या नाण्यांवर तिचं नाव स्वतंत्र येतं. सुमारे ११ ग्रॅम वजनाचा चांदीचा टंका हातात घेऊन पाहिला, तर त्यावर चित्र नाही, फक्त अक्षरं. म्हणून कुणाचं नाव कोणत्या किताबानं आणि कोणत्या बाजूला, यालाच सारा अर्थ. मेलेल्या सुलतानाचं नाव नाण्यावर चालू ठेवणं म्हणजे आपला हक्क त्याच्या शब्दावर उभा आहे असं जाहीर करणं. ते वगळणं म्हणजे आता मी माझ्या बळावर आहे, हे सांगणं. तुर्क अमिरांना पहिलं चालत होतं, दुसरं नाही.

आणि तिनं दुसरं केलं. जुनैदीच्या जागी त्याचाच नायब मुहज्जबुद्दीन वजीर झाला. फौजेची नायबी आधी ऐबक बहतूकडं, तो वारल्यावर कुतुबुद्दीन हसन घुरीकडं गेली. हा घुरी, तुर्क गुलाम नव्हे. अमीर-ए-हाजिब, म्हणजे सुलतानापर्यंत कोण पोचणार हे ठरवणारा दरबारी अधिकारी, म्हणून ऐतिगीन आला. आणि शाही पागेचा मुख्य, अमीर-ए-आखूर, म्हणून जमालुद्दीन याकूत हबशी. ही नेमणूक हलकी समजू नये. घोडदळावर चालणाऱ्या राज्यात पागेचा ताबा म्हणजे मोहिमेची नाडी, शिवाय सुलतानाच्या जवळ रोज जाण्याचा हक्क. घुरी सुलतानाच्या पदरी असताना खुद्द कुतुबुद्दीन ऐबक याच पदावर होता, आणि रझियानंतर तिचा भाऊ बहरामशहा याच्या काळात बल्बनला हेच पद मिळालं. म्हणजे गादीच्या वाटेवरची ही पायरी होती. ती एका हबशाला मिळाली, हे तुर्कांच्या जिव्हारी लागणारच होतं.

त्याच सुमारास तिनं पडदा सोडला, कबा आणि कुलाह, म्हणजे पुरुषी अंगरखा आणि टोपी, घालून ती दरबारात बसू लागली आणि हत्तीवरून सर्वांसमोर फिरू लागली. याला अनेक जण हौस किंवा बंडखोरी समजतात. माझ्या मते ही राज्य चालवण्याची गरज होती. पडद्याआडून कारभार म्हणजे प्रत्येक अर्ज, प्रत्येक हुकूम हाजिबाच्या तोंडून जाणार. मध्यस्थ काढून टाकला, की हाजिबाचं महत्त्व उतरतं. आणि हाजिब होता ऐतिगीन. कटाच्या केंद्रस्थानी पुढं तोच दिसतो, यात नवल नाही.

१२३९ अखेर लाहोरला कबीर खान उलटला. रझिया स्वतः चालून गेली. तो चिनाबपर्यंत मागं सरला, पलीकडं मोंगलांचा मुलूख, त्यामुळं शरण आला. लाहोर काढून त्याला मुलतान दिलं. १९ शाबान ६३७ ला, मार्च १२४० मध्ये, ती दिल्लीला परतली. अवघ्या वीस दिवसांत, ९ रमजानला, तिला पुन्हा निघावं लागलं, कारण तबरहिंद्याचा (आजच्या भटिंड्याचा) अल्तूनिया उठला होता. रोजे, एप्रिलचं ऊन, नुकतीच परतलेली फौज आणि पुढं सुमारे ३०० किलोमीटरची वाट. अल्तूनियाचं संधान आतून ऐतिगीनशी होतं. तबरहिंद्याला पोचल्यावर छावणीतल्या तुर्क अमिरांनी याकूतला मारलं आणि रझियाला त्याच किल्ल्यात कैद केलं. २७ रमजानला, २१ एप्रिल १२४० ला, दिल्लीत बहरामशहा गादीवर होता. इतक्या झटपट गोष्टी पूर्वतयारीशिवाय होत नाहीत.

जागेचा मुद्दा इथं फार महत्त्वाचा आहे. दिल्लीत असताना रझियाच्या केसाला धक्का लावायचं धाडस कुणी केलं नाही. शहर तिचं होतं, आणि शाह तुर्कानचं काय झालं हे सगळ्यांनी पाहिलं होतं. १२३६ मध्ये रुक्नुद्दीन बाहेर होता आणि रझिया आत, म्हणून रझिया जिंकली. १२४० मध्ये तिला बाहेर काढलं गेलं. ज्या फौजेनं तिला बसवलं, त्याच फौजेच्या गराड्यात, शहरापासून दूर, ती एकटी होती.

आता याकूत. मिन्हाजचं म्हणणं एका ओळीचं: पागेचा अमीर याकूत याला सुलतानाच्या सेवेत जवळीक लाभली आणि तुर्क मलिक-अमिरांना त्याचा हेवा वाटू लागला. बस्स. इसामीकडं शतकभरानं त्या ओळीला दृश्य फुटतं: घोड्यावर चढताना तो तिच्या दंडाला धरून आधार देई. इसामीचा राग नीट वाचला पाहिजे, कारण तो बाईनं राज्य करण्यावरच आहे. तिची जागा चरख्यापाशी, असं तो म्हणतो. भारतात सूतकताईच्या चरख्याचा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख म्हणून तंत्रज्ञानाच्या इतिहासात हीच ओळ दिली जाते, आणि ती दख्खनमध्ये लिहिली गेली. इब्न बतूताकडं दंडाचा आधार उघड संशयाचा आरोप होतो. पुढच्या तवारिखांत तेच वाढत जातं. प्रत्येक पायरीवर काळ पुढं सरकतो आणि मजकूर तिखट होतो. साक्ष अशी वागत नाही, कुजबुज वागते. पागेचा मुख्य सुलतानाला घोड्यावर चढायला हात देई, यात तसंही त्याच्या कामाबाहेरचं काही नव्हतं.

मग ती स्त्री होती म्हणून गादी गेली, हे म्हणायचं का? आधीची-पुढची वर्षं पाहिली तर उत्तर अवघड होतं. बहरामशहाला गादी मिळाली ती उघड अटीवर, की ऐतिगीन वर्षभर नायब म्हणून कारभार पाहील. ऐतिगीननं सुलतानाच्या बहिणीशी लग्न केलं, दारात नौबत आणि हत्ती ठेवला, आणि जुलै १२४० मध्ये त्याचा खून झाला. १२४२ मध्ये बहरामशहाही पदच्युत होऊन मारला गेला. त्या दिवशी इज्जुद्दीन बल्बन किश्लू खान (वर आलेल्या बल्बनहून वेगळा) यानं स्वतःच्या नावाची द्वाही फिरवून पाहिली, ती बाकीच्या अमिरांनी तिथल्या तिथं मोडून काढली, कारण तो इल्तुतमिशच्या रक्ताचा नव्हता. मग रुक्नुद्दीनचा मुलगा मसूद आणला, १२४६ मध्ये तोही उतरवला. १२३६ ते १२४६ या दहा वर्षांत चार जण उतरवले गेले, त्यांत तीन पुरुष. अमिरांना इल्तुतमिशचं रक्त हवं होतं आणि त्या रक्ताच्या हातात सत्ता नको होती. रझिया या अटीत न बसणारी पहिली निघाली.

तरीही तिचं स्त्री असणं मधे आलंच, फक्त लोक समजतात तसं नाही. उलेमांनी तिच्याविरुद्ध फतवा काढल्याचं समकालीन नोंदीत नाही. उलट दहा वर्षांनी इजिप्तमध्ये शजर-उद-दुर्र गादीवर आली तेव्हा बगदादहून आक्षेप आला आणि तिला तीन महिन्यांच्या आत पायउतार व्हावं लागलं. दिल्लीत अडचण वेगळी होती. पुरुष सुलतान चार अमिरांच्या घरच्या लेकी करून त्यांना बांधून घेऊ शकत होता. बाई सुलतानानं एकाशी लग्न केलं, की बाकीचे सगळे शत्रू आणि नवरा गादीचा दावेदार. म्हणून राज्य करताना तिनं लग्न केलं नाही, आणि वारस नसल्यानं तिच्या पाठीशी उद्याची आशा धरून उभं राहणारं कुणी नव्हतं. मिन्हाज तिला शहाणी, न्यायी, विद्वानांना आश्रय देणारी, फौज चालवणारी म्हणतो, राजाचे सगळे गुण मोजतो आणि मग म्हणतो, पण पुरुषांच्या हिशेबात ती बसत नव्हती, तर या गुणांचा काय उपयोग. तिनं ज्याला मदरसा दिला त्याचं हे वाक्य आहे, आणि त्यात आकसापेक्षा हताशपणा जास्त आहे.

याच शतकात वरंगळला रुद्रमादेवी जवळपास पाव शतक टिकली, ते का, हे शेजारी ठेवून पाहावं. तिला वडिलांनी, गणपतिदेवानं, हयातीतच कारभारात सोबत घेतलं. शिलालेखांत ती 'रुद्रदेव महाराज' या पुरुषी नावानं येते. देवगिरीच्या महादेव यादवाची स्वारी तिनं पचवली. तिच्याकडं स्वतःच्या निष्ठेचे नायक होते आणि नातू प्रतापरुद्र वारस म्हणून तयार होता. रझियाकडं यातलं एकही नव्हतं, आणि ते उभं करायला तिला साडेतीन वर्षंसुद्धा पुरी मिळाली नाहीत.

शेवटचा भाग लवकर संपतो. दिल्लीतल्या वाटणीत अल्तूनियाच्या हाती काही लागलं नाही. ऐतिगीन तर मेलाच. अल्तूनियानं कैदेतल्या रझियाशी लग्न केलं आणि दोघं दिल्लीवर चालून गेले. सालारी आणि कराकुश हे अमीर येऊन मिळाले, खोखर आणि जाटांची भरती झाली. ही फौज दिल्लीच्या शिकवलेल्या घोडदळापुढं टिकली नाही. कैथलजवळ उरलेसुरले लोकही पांगले आणि १२४० च्या उत्तरार्धात दोघं तिथल्या हिंदूंच्या हातून मारले गेले. भुकेल्या रझियाला शेतकऱ्यानं भाकर दिली, झोपेत तिच्या अंगरख्याखालचं जरीचं वस्त्र पाहिलं आणि मारलं, ही गोष्ट इब्न बतूताची. वरच्या नियमानं तिचा कप्पा वेगळा. कबरीचंही तसंच. इब्न बतूतानं ती यमुनेकाठी सांगितली, दिल्लीकर तुर्कमान दरवाज्याजवळच्या बुलबुलीखान्यातली दाखवतात, कैथलकर आपल्याकडची. कुठल्याही जागेवर तिच्या नावाचा त्या काळचा लेख नाही.

तारखा जुळवणाऱ्यांसाठी एक सूचना. मिन्हाज रझियाची कारकीर्द ३ वर्षं, ६ महिने, ६ दिवस देतो, आणि रुक्नुद्दीनची ६ महिने २८ दिवस. हे चांद्र महिने आहेत. १९ नोव्हेंबर १२३६ ते २१ एप्रिल १२४० असं इंग्रजी तारखांनी मोजलं तर ३ वर्षं ५ महिनेच भरतात, आणि मग कुणीतरी मिन्हाजची चूक काढतो. चूक नाही, हिजरी वर्ष ३५४ दिवसांचं धरून मोजा, दोन-तीन दिवसांच्या फरकानं हिशेब बरोबर लागतो. रुक्नुद्दीनचा तर २० शाबान ते १८ रबी-उल-अव्वल असा नेमका जुळतो. फारसी ग्रंथांच्या भाषांतरांत कंसातली इंग्रजी तारीख भाषांतरकाराची असते, मूळ लेखकाची नव्हे, तेव्हा वाद घालायचा झाला तर आधी हिजरी तारीख पाहा.